मोजमापाचा नंबर आणि फोनची नोंदणी: एका शेतकरी कंपनीच्या ॲपचे प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी. चौदा गावे, अकराशेच्या आसपास सभासद, रस्त्यालगत एक गोदाम, एक इलेक्ट्रॉनिक काटा आणि एक चाळणी. खरिपात सोयाबीन, पुढे तूर. दिवसाला चाळीस गाड्यांच्या वर माल उतरवून घेणे गोदामाला झेपत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी चाळीस जणांना नंबर द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच माल आणायचा, अशी पद्धत आहे.

हा नंबर कळवायला कंपनीने २०२२ मध्ये एका कंत्राटदाराकडून ॲप करून घेतले. त्यात रोजचा भाव दिसतो, काटा पट्टी (वजनाची पावती) दिसते आणि नंबर लागला की फोनवर सूचना येते. आठशेहून जास्त सभासदांनी ते घेतले. बाकीचे बटणाच्या फोनवाले. त्यांना गावचा गटप्रमुख फोन करतो.

सूचना चुकली तर काय होते हे आधी सांगायला हवे, नाहीतर पुढची सगळी धडपड तांत्रिक हौस वाटेल. सोंगणी-मळणी झाली की कट्टे घराच्या पडवीत येतात. नंबर लागला की ट्रॅक्टर-ट्रॉली नाहीतर मेटॅडोर भाड्याने सांगावा लागतो, दोन माणसे भरायला लागतात, माल बारा टक्के ओलाव्याच्या आत ठेवावा लागतो. ज्याला सूचना मिळाली नाही त्याचा नंबर जातो. ज्याला ती चुकीच्या दिवशी मिळाली, तो भरलेली ट्रॉली घेऊन गोदामाच्या फाटकाशी येतो आणि परत जातो. त्या फेरीचे भाडे त्याच्याच खिशातून जाते.

अडचण

२०२४ च्या सोयाबीन हंगामात, दसऱ्याच्या आसपास नंबर सुरू झाले आणि पहिल्या दोन दिवसांत कोणालाच सूचना गेली नाही. याचे कारण लवकर सापडले. सर्व्हर फायरबेस क्लाउड मेसेजिंगच्या (फोनवर सूचना पोचवणारी गूगलची सेवा), म्हणजे एफसीएमच्या, जुन्या पद्धतीने संदेश पाठवत होता. गूगलने ती पद्धत २० जून २०२३ ला मोडीत काढल्याचे जाहीर केले होते आणि २२ जुलै २०२४ पासून ती बंद करायला सुरुवात केली. पावसाळ्यात ॲप कोणी फारसे वापरत नाही, त्यामुळे जुलैतला बिघाड ऑक्टोबरमध्ये दिसला.

नव्या पद्धतीत, म्हणजे एचटीटीपी व्ही-वन मध्ये, कायमस्वरूपी सर्व्हर-किल्ली नसते. सर्व्हिस अकाउंटच्या, म्हणजे सर्व्हरसाठी काढलेल्या खात्याच्या, किल्लीवरून तासाभरापुरता प्रवेश-परवाना काढायचा आणि प्रत्येक संदेशासोबत तो जोडायचा. कंपनीच्या नव्या प्रोग्रामरने दोन दिवसांत हे बसवले. सर्व्हरच्या नोंदीत संदेश ‘स्वीकारला’ दिसू लागले आणि कार्यालयाने सुटकेचा नि:श्वास टाकला.

तरी तिसऱ्या दिवशी चाळीसांपैकी निम्मेही आले नाहीत. ‘आमच्या मोबाइलवर काईच आलं नाही, मग नंबर काऊन गेला?’ हे फाटकावर दिवसभर ऐकू येत होते. पहिल्या बिघाडाखाली बाकीचे बिघाड झाकलेले होते.

कारणांचा शोध

इथे व्यवस्थापकाने एक फार चांगला निर्णय घेतला. सर्व्हरचे आकडे बाजूला ठेवून त्या दिवशीच्या चाळीसच्या चाळीस जणांना फोन लावायला सांगितले. प्रत्येकाला तीन प्रश्न: सूचना दिसली का, कधी दिसली, आणि कोणाच्या फोनवर? दीड दिवस लागला. हाती आलेला हिशेब असा: १६ जणांना वेळेवर दिसली. ७ जणांच्या फोनवर ॲपला सूचना दाखवायची परवानगीच नव्हती. ६ जणांचे टोकन मेलेले होते. ५ जणांची सूचना भलत्याच फोनवर गेली. ३ जणांना ती उशिरा मिळाली. उरलेल्या ३ जणांच्या फोनवर ती आली, पण आवाज न करता खाली जाऊन बसली.

हे समजायला नोंदणी कशी चालते ते पाहू. ॲप फोनवर पहिल्यांदा उघडले की एफसीएम त्या फोनवरच्या त्या ॲपला अक्षर-अंकांची एक लांबलचक ओळ देते. तिला टोकन म्हणतात. ॲपने ती सर्व्हरला कळवायची आणि सर्व्हरने सभासदाच्या नावापुढे लिहून ठेवायची. या टोकनाचा सिमकार्डाशी किंवा मोबाइल नंबराशी काही संबंध नाही. ॲप काढून पुन्हा घेतले, ॲपचा डेटा पुसला, फोन बदलला, की टोकन बदलते. ‘माझा नंबर तोच आहे, मग सूचना का नाही?’ हा प्रश्न रास्त आहे, पण सर्व्हर मोबाइल नंबर पाहतच नाही.

भलत्या फोनवर गेलेल्या पाच सूचनांचे मूळ डेटाबेसमध्ये होते. सभासदांच्या तक्त्यात टोकनासाठी एकच रकाना होता. एका घरात वडिलांच्या नावावर वावर, ॲप वडिलांच्या फोनवर. पुण्यात कामाला असलेल्या मुलाने भाव पाहायला वडिलांच्याच सभासद क्रमांकाने आपल्या फोनवर लॉगिन केले. त्या क्षणी वडिलांचे टोकन पुसले गेले आणि मुलाचे बसले. ‘उद्या सोयाबीन घेऊन या’ ही सूचना सहाशे किलोमीटरवर, कारखान्याच्या लॉकरमध्ये ठेवलेल्या फोनवर वाजली. पाचही घरांत प्रकार हाच, फक्त नाते वेगळे.

मेलेल्या सहा टोकनांपैकी चार नव्या फोनची होती आणि हा बिघाड सगळ्यात चकवणारा निघाला. नवा फोन घेतला की दुकानदार जुन्याचा सगळा डेटा नव्यात उतरवून देतो. ॲपने ‘टोकन सर्व्हरला कळवले आहे’ अशी खूण फोनमध्ये साठवली होती. बॅकअपमधून ती खूण आणि लॉगिनही जसेच्या तसे नव्या फोनवर आले. नव्या फोनला टोकन नवे मिळाले, पण ॲप खूण पाहून गप्प बसले. जुना फोन पुसून विकलेला, त्यामुळे त्याचे टोकन रद्द. दोन्हीकडून वाट बंद. शेतकऱ्याला मात्र ॲप उघडते, भाव दिसतो, सगळे ठीक वाटते.

परवानगीची गोष्ट अँड्रॉइड १३ पासूनची. त्याआधीच्या आवृत्त्यांत ॲप घेतले की सूचना आपोआप चालू असत. अँड्रॉइड १३ वर नव्याने घेतलेल्या ॲपला आधी विचारावे लागते, आणि सभासदाने दोनदा नकार दिला की तो प्रश्न पुन्हा समोर येत नाही. फोन आधीपासून ॲप असताना १३ वर गेला असेल, तर जुनी परवानगी टिकते. म्हणून एकाच घरात जुन्या फोनवर सूचना येत होती आणि नव्यावर नाही, आणि लोक नव्या फोनलाच दोष देत होते. या ॲपने हा प्रश्न उघडताक्षणी, भाव दिसायच्याही आधी विचारला होता. ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्यांमुळे गावोगाव ‘कोणत्याही ॲपला परवानगी देऊ नका’ असे सांगितले जाते, आणि ते बरोबरच सांगितले जाते. लोकांनी सांगितल्याप्रमाणे वागून ‘नाही’ दाबले. चूक विचारण्याच्या वेळेची होती.

उशिरा आलेल्या तीन सूचनांमध्ये एक फारच बोलकी आहे. बऱ्याच जणांचा मोबाइल डेटा दिवसभर बंद असतो. जेवणानंतर व्हॉट्सॲप पाहायला तेवढा चालू करतात. फोन नेटवर नसेल तर एफसीएम संदेश राखून ठेवते आणि मुदत सांगितली नसेल तर चार आठवडे राखून ठेवते. मंगळवारी पाठवलेला ‘उद्या माल घेऊन या’ हा संदेश एका सभासदाला गुरुवारी रात्री मिळाला. त्यात तारीख नव्हती. शुक्रवारी सकाळी तो बावीस कट्टे ट्रॉलीत भरून हजर.

आवाज न करणाऱ्या सूचनांचे कारण चॅनल, म्हणजे ॲपच्या सूचनांचे वेगवेगळे गट. अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक सूचना कोणत्या ना कोणत्या चॅनलवरून जाते आणि चॅनल एकदा तयार झाला की त्याचे महत्त्व ॲपला वाढवता येत नाही. ते फक्त फोनवाला सेटिंगमध्ये जाऊन वाढवू शकतो. कंत्राटदाराने भाव आणि नंबर दोन्ही एकाच कमी महत्त्वाच्या चॅनलवर टाकले होते. भावासाठी ते योग्य. नंबरासाठी घातक.

समोरचे पर्याय

पहिला सूर होता, ॲप सोडा आणि एसएमएस करा. एसएमएस बटणाच्या फोनवरही जातो, हा त्याचा मोठा गुण. पण व्यावसायिक एसएमएससाठी डीएलटीवर, म्हणजे अशा संदेशांसाठी दूरसंचार कंपन्यांनी ठेवलेल्या नोंदणी-व्यवस्थेवर, संस्थेची, हेडरची (पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते, आणि ती हंगाम सुरू असताना लगेच होण्यासारखी नव्हती. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरे मावतात. त्याहून लांब झाला की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे. साच्याचा अर्ज करून ठेवायचा, पण या हंगामाचा भार त्याच्यावर टाकायचा नाही, असे ठरले.

व्हॉट्सॲप गटांवर यादी टाकणे चालूच होते. तिथे नंबर बदलला की जुनी यादीही तशीच राहते आणि सकाळच्या शुभेच्छांखाली दोन्ही दबतात. ते फलक म्हणून ठेवले.

तिसरा पर्याय एफसीएमच्या टॉपिकचा. गावाच्या नावाने टॉपिक करायचा, सगळ्या फोनना त्यात घालायचे, टोकनांचा तक्ताच नको. भाव आणि पावसाचा इशारा यांसाठी हे उत्तम. पण नंबर हा एका माणसाचा असतो. गावभर वाजवून उपयोग नाही.

म्हणजे नोंदणीच दुरुस्त करायची. इथे खरा पेच आला तो फायरबेस प्रकल्पाच्या, म्हणजे ॲपच्या फायरबेसवरच्या मांडणीच्या, मालकीचा. व्ही-वनची किल्ली नव्या प्रोग्रामरने कंत्राटदाराकडून मागून आणली होती. प्रकल्प मात्र कंत्राटदाराच्या खासगी गूगल खात्यावर होता. संचालकांपैकी काहींचे म्हणणे, नवा प्रकल्प उघडा, कोणाच्या हाताखाली राहायला नको. भावना समजण्यासारखी होती, पण परिणाम जड होते. टोकन प्रकल्पाला बांधलेले असते. दुसऱ्या प्रकल्पाच्या किल्लीने जुन्या टोकनावर पाठवले की ‘सेंडर आयडी मिसमॅच’ (पाठवणारा जुळत नाही) ही ४०३ त्रुटी येते. नवा प्रकल्प म्हणजे ॲपमध्ये नवी गूगल-सर्व्हिसेस फाइल (ॲप कोणत्या प्रकल्पाचे ते सांगणारी), प्ले स्टोअरवर नवी आवृत्ती, आणि प्रत्येक सभासद ती घेईपर्यंत त्याची सूचना बंद. डेटा वाचवण्यासाठी आपोआप अपडेट बंद ठेवणारे फोन इथे कमी नाहीत. हंगामाच्या मध्यावर ही उडी घेऊ नये असे ठरले. कंत्राटदाराशी बोलून कंपनीच्या ईमेलला त्या प्रकल्पाचे मालकपद मिळवले, नवी किल्ली कंपनीच्या खात्यातून काढली आणि जुनी रद्द केली.

काय केले

कामाचे दोन भाग पाडले: सर्व्हरवरचे काम आज रात्री होऊ शकते, ॲपमधले प्ले स्टोअरची तपासणी आणि सभासदांचे अपडेट धरून आठवडे घेते. म्हणून आधी सर्व्हर.

नंबराच्या संदेशाला मुदत घातली. संध्याकाळी सातला पाठवायचा आणि मुदत ४३,२०० सेकंद, म्हणजे सकाळी सातपर्यंत. त्यानंतर तो पोचूच नये. वेळ सातची अशासाठी की त्या सुमारास बहुतेकांचा डेटा चालू होतो. मजकुरातून ‘उद्या’ काढून वार आणि तारीख घातली, सभासदाचे नाव घातले. प्राधान्य ‘हाय’ केले, नाहीतर निजलेल्या फोनवर अँड्रॉइड संदेश थांबवून ठेवते. भावाचा संदेश मुद्दाम साध्या प्राधान्यावर ठेवला. सगळेच तातडीचे केले तर तातडीला अर्थ राहत नाही, आणि ‘हाय’ने पाठवून फोनवर काहीच न दाखवणाऱ्या ॲपचे प्राधान्य गूगलही उतरवते.

नंबर बदलला तर जुनी सूचना जाऊन नवी दिसावी म्हणून सूचनेला टॅग, म्हणजे ओळखीचे नाव, दिला. त्याच टॅगची नवी सूचना आली की जुनी पुसली जाते. यात एक चूक झाली. सगळ्यांना ‘नंबर’ हा एकच टॅग दिला, आणि दोन भावांचे सभासदत्व एकाच फोनवर असलेल्या घरात धाकट्याच्या सूचनेने थोरल्याची पुसून टाकली. दुसऱ्याच दिवशी टॅगमध्ये सभासद क्रमांक जोडला.

टोकनांसाठी वेगळा तक्ता केला: सभासद क्रमांक, फोनची ओळख, टोकन, परवानगी आहे की नाही, ॲपची आवृत्ती, फोन शेवटचा कधी दिसला. एका सभासदाचे अनेक फोन आणि एका फोनवर अनेक सभासद, दोन्ही चालतात. पाठवताना ‘अनरजिस्टर्ड’ (टोकन आता नोंदलेले नाही) हे ४०४ उत्तर आले तर ते टोकन लगेच काढायचे आणि त्या सभासदाचे नाव फोन करायच्या यादीत टाकायचे. ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ हे ४०० उत्तर आले तर मात्र टोकन काढायचे नाही. बऱ्याचदा खोट संदेशाच्या रचनेत असते, आणि तेवढ्यावर टोकने पुसत सुटले तर एका चुकीच्या संदेशात अख्खा तक्ता रिकामा होतो. ४२९ (मर्यादेपेक्षा जास्त संदेश) किंवा ५०३ (सेवा तात्पुरती बंद) आले तर थांबून, अंतर वाढवत पुन्हा पाठवायचे.

ॲपच्या नव्या आवृत्तीत टोकनाची ती खूण बॅकअपमधून वगळली, आणि खुणेवर विसंबणेही सोडले. ॲप दर वेळी उघडताना टोकन विचारते, फोनमधल्या जुन्याशी ताडून पाहते, बदलले असेल किंवा महिना उलटला असेल तर सर्व्हरला कळवते. २७० दिवस संपर्कात नसलेल्या अँड्रॉइड फोनचे टोकन एफसीएम कालबाह्य धरते, त्यामुळे हंगामापुरते ॲप उघडणाऱ्यांसाठी ही नोंद फार कामाची. लॉगआउट केले की त्या सभासदाची त्या फोनवरची नोंद काढली जाते. नंबरासाठी नव्या नावाचा, जास्त महत्त्वाचा चॅनल केला.

परवानगीचा प्रश्न जागेवरून हलवला. सभासदाने मालाची नोंद केली, किती क्विंटल ते लिहिले, की आधी ॲपचा स्वतःचा पडदा येतो: ‘तुमचा नंबर लागला की या फोनवर कळवू. पुढच्या पडद्यावर परवानगी द्या.’ त्यानंतरच अँड्रॉइडचा प्रश्न. आधीच दोनदा नाकारलेल्यांना थेट सेटिंगच्या पानावर नेणारे बटण दिले. सूचनेखाली ‘येतो’ आणि ‘येत नाही’ अशी दोन बटणे आली. सर्व्हरला एफसीएमकडून मिळणारे ‘ठीक’ एवढेच सांगते की संदेश गूगलने घेतला. माणसाने पाहिला, हे फक्त त्याचे बोट सांगते. रात्री आठपर्यंत कोणतेच बटण दाबले गेले नाही तर नाव गटप्रमुखाकडे जाते आणि तो फोन करतो.

आयफोन दोनच होते, दोन्ही संचालकांचे. त्यांच्यासाठी ॲपलच्या एपीएन्सची, म्हणजे आयफोनवर सूचना पोचवणाऱ्या सेवेची, किल्ली फायरबेसमध्ये चढवायचीच राहून गेली होती, ती चढवली.

सगळ्यात जास्त फरक बहुधा काट्याजवळ मांडलेल्या एका टेबलाने पडला. गाडी रांगेत उभी असताना कंपनीतली एक मुलगी सभासदाचा फोन पाहायची. ॲपच्या सूचना चालू आहेत का, नंबराच्या चॅनलला आवाज आहे का, बॅटरीच्या सेटिंगमध्ये ॲपला निर्बंध नाहीत ना, काही फोनांत असते ते ऑटोस्टार्ट (ॲपला आपोआप सुरू होण्याची मुभा) चालू आहे का, आणि शेवटी चाचणी-संदेश. फोन तिच्या हातात वाजला की परत द्यायचा. एका फोनला चार-पाच मिनिटे. इथे एक सवय उघडी पडली: फोन हळू चालतो म्हणून मुले सेटिंगमध्ये जाऊन ॲप ‘फोर्स स्टॉप’ (सक्तीने बंद) करतात. तसे केले की ते ॲप पुन्हा हाताने उघडेपर्यंत एफसीएमचा एकही संदेश घेत नाही. सर्व्हरवरून हे कधीच दिसले नसते.

निकाल

तीन आठवड्यांनी पुन्हा एका दिवसाच्या चाळीस जणांना फोन केले, प्रश्न तेच. ३१ जणांनी सूचना वेळेवर पाहिली होती. उरलेल्या ९ पैकी ८ जणांना गटप्रमुखाचा फोन गेला आणि ते आले. एकाचा फोन बंद होता. त्याचा नंबर दुसऱ्या दिवसावर घेतला. चुकीच्या दिवशी ट्रॉली घेऊन येण्याचा प्रकार मुदत आणि तारीख घातल्यानंतर पुन्हा झाला नाही.

न सुटलेलेही आहे. वावर बाईच्या नावावर, सभासद ती, फोन मुलाच्या खिशात: अशा घरांत फोनवर सूचना गेली तरी ‘येतो’ कोणी दाबले हे कळत नाही, आणि दोनदा तर घरात तिला कोणी सांगितलेच नाही.

पुन्हा करायचे झाले तर

चाळीस जणांना फोन करण्याची पाहणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. व्ही-वनची दुरुस्ती झाल्यावर ‘स्वीकारला’ हा शब्द वाचून जो दिवस गेला, त्या दिवशी वीसहून जास्त नंबर वाया गेले.

प्रकल्पाची मालकी २०२२ च्या करारातच लिहून घ्यायला हवी होती: फायरबेस, प्ले कन्सोल (प्ले स्टोअरवर ॲप चढवायची जागा) आणि ॲपवर सही करायची किल्ली, तिन्ही कंपनीच्या खात्यावर. या वेळी कंत्राटदार समजूतदार निघाला. तो फोन उचलत नसता तर किल्ली काढायला दुसरा मार्ग नव्हता.

गूगलचे बंद होण्याचे इशारे त्याच खासगी ईमेलवर गेले असणार. आता ते कंपनीच्या पेटीत येतात आणि ती पेटी दर सोमवारी उघडण्याचे काम एका माणसाला नेमून दिले आहे.

सभासद नोंदणीच्या अर्जात दोन ओळी वाढवल्या आहेत: फोन कोणाजवळ असतो, आणि सूचना वाचून कोण सांगणार. महिला सभासदांसाठी पर्यायी संपर्क म्हणून बचत गटातल्या एकीचा क्रमांक विचारला जातो. तुरीचे नंबर सुरू होण्याच्या दहा दिवस आधी, संध्याकाळी सातला, सगळ्यांना एक चाचणी-संदेश जाईल. ज्यांचे बटण दाबले जाणार नाही त्यांची गावनिहाय यादी दुसऱ्या दिवशी गटप्रमुखांच्या हातात असेल.